खरजेचं औषध लावलं, तरी खाज का जात नाही?

घरात एकाला बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. दिवसा ती फारशी जाणवत नाही, पण रात्री अंथरुणात पडलं की झोप लागू देत नाही. थोड्याच दिवसांत घरातला दुसरा माणूसही खाजवू लागतो. मेडिकलमधून ट्यूब आणली जाते, चार दिवस बरं वाटतं आणि महिन्याभरात खाज परत येते. मग प्रश्न पडतो, की औषध चुकीचं होतं, लावण्याची पद्धत चुकली, की खरजेचा किडाच औषधाला दाद देईनासा झाला आहे?

या तिन्ही शक्यता खऱ्या आहेत. त्यांतली कोणती आपल्या बाबतीत लागू आहे, हे कळलं तर बराचसा त्रास आणि खर्च वाचतो.

खरूज नेमकी कशाने होते?

खरूज अस्वच्छतेमुळे किंवा 'रक्त खराब झाल्यामुळे' होत नाही. ती सार्कोप्टिस स्केबिआय नावाच्या सूक्ष्म परजीवी किड्यामुळे होते. हा किडा कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला आहे. मादी साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांबीची असते. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात बारीक बोगदा करते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात.

खाज मुख्यतः किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्यावर शरीर जी प्रतिक्रिया देतं, तिची असते. त्यामुळे पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. या काळात माणूस वरून ठणठणीत दिसतो, पण इतरांना खरूज देऊ शकतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढचं बरंचसं समजायला सोपं जातं.

खरूज प्रामुख्याने त्वचेला त्वचेचा बराच वेळ स्पर्श झाल्याने पसरते. म्हणूनच एका अंथरुणात झोपणारी कुटुंबं, वसतिगृहं, आश्रमशाळा, तुरुंग आणि वृद्धाश्रम इथे ती वेगाने फैलावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात कोणत्याही वेळी २० कोटींहून अधिक लोकांना खरूज झालेली असते. संघटनेने २०१७ मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला.

औषधं काम कशी करतात?

आज सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे ५ टक्के पर्मेथ्रिन क्रीम. किड्याच्या मज्जातंतूंमध्ये सोडियमची ये-जा करणारी सूक्ष्म दारं असतात. पर्मेथ्रिन ती दारं उघडीच ठेवतं. त्यामुळे किडा लुळा पडतो आणि मरतो.

दुसरं औषध आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. ते किड्याच्या मज्जातंतूंतल्या वेगळ्या, क्लोराइडच्या दारांवर काम करतं. ते अंड्यांना मारत नाही, म्हणून ७ ते १४ दिवसांनी दुसरी मात्रा घ्यावी लागते. याशिवाय बेन्झिल बेन्झोएट लोशन आणि गंधकाचं मलम ही जुनी औषधंही आहेत. गंधकाला वास येतो, कपड्यांना डाग पडतात, पण तान्ह्या मुलांसाठी आणि गर्भवतींसाठी डॉक्टर आजही त्याचा विचार करतात.

किडा औषधाला दाद का देत नाही?

कोट्यवधी किड्यांमध्ये काहींच्या जनुकांत योगायोगाने छोटासा बदल झालेला असतो. समजा, या बदलामुळे सोडियमच्या दाराचा आकार किंचित वेगळा झाला. मग पर्मेथ्रिनला तिथे नीट चिकटता येत नाही. औषध लावल्यावर बाकीचे किडे मरतात आणि हे वाचतात. पुढची पिढी त्यांचीच होते. याला औषध-प्रतिरोध म्हणतात.

डास आणि माश्यांमध्ये अशा प्रकारचे बदल शास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होते. आता युरोपातल्या काही रुग्णांकडून घेतलेल्या खरजेच्या किड्यांमध्येही ते आढळले आहेत. काही किडे आणखी एक मार्ग वापरतात. शरीरात शिरलेलं औषध मोडून टाकणारी किंवा पेशीबाहेर फेकणारी प्रथिनं ते जास्त प्रमाणात तयार करतात.

अर्धवट उपचार या प्रक्रियेला खतपाणी घालतात. कमी औषध, कमी वेळ, एकच मात्रा, असं झालं की कणखर किडे जगतात आणि वाढतात.

पुरावा काय सांगतो?

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या दोन रुग्णांची नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना खरजेचा तीव्र, खपल्यांचा प्रकार वारंवार होत होता. नेहमीच्या खरजेत अंगावर साधारण १० ते १५ किडे असतात, या प्रकारात ते हजारो ते लाखो असू शकतात. या दोघांना काही वर्षांत आयव्हरमेक्टिनच्या अनुक्रमे ३० आणि ५८ मात्रा दिल्या गेल्या होत्या. शेवटी किडे त्या औषधाला जुमानेनासे झाले.

ऑस्ट्रियात अलीकडे ५ टक्के पर्मेथ्रिन आणि २५ टक्के बेन्झिल बेन्झोएट यांची थेट तुलना झाली. पर्मेथ्रिन लावलेल्यांपैकी फक्त २७ टक्के रुग्ण बरे झाले, तर बेन्झिल बेन्झोएट लावलेल्यांपैकी ८७ टक्के. हा आकडा धक्कादायक आहे, पण तो एका देशातल्या मर्यादित रुग्णांचा आहे. तो जसाच्या तसा भारताला लावता येत नाही.

प्रत्येक वेळी दोष किड्याचाच असतो का?

नाही. औषध 'लागू पडलं नाही' असं वाटण्यामागे बहुधा साधी कारणं असतात.

• जिथे खाजतं तिथेच क्रीम लावलं, संपूर्ण अंगाला नाही.
• घरातल्या एकानेच उपचार घेतला. ज्यांना अजून खाज सुटलेली नाही, त्यांच्याकडून खरूज परत आली.
• दुसऱ्यांदा औषध लावलंच नाही.
• किडे मेले, पण खाज राहिली. यशस्वी उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते.
• मुळात खरूज नव्हतीच. नायटा बुरशीमुळे होतो, त्याचं औषध वेगळं असतं.
• स्टेरॉइड असलेलं मिश्र मलम लावलं. त्याने खाज दबते, पुरळ बदलतं, किडे मात्र वाढत राहतात आणि डॉक्टरांनाही निदान करणं अवघड होतं.

औषध कसं लावावं?

पर्मेथ्रिन कोरड्या त्वचेवर, रात्री, मानेपासून तळपायापर्यंत सर्वत्र लावावं. बोटांच्या बेचक्या, नखांखालची जागा, काखा, बेंबी, जांघा आणि पाठ सुटता कामा नये. लहान बाळं आणि वृद्धांमध्ये डोकं व चेहऱ्यावरही लावावं लागू शकतं, ते डॉक्टर सांगतात. क्रीम ८ ते १४ तास अंगावर राहू द्यावं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावावं. साधारण आठवड्याने हेच सगळं परत करावं.

घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार घ्यावा, खाज असो वा नसो. अलीकडच्या दिवसांत वापरलेले कपडे, चादरी आणि टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. जे धुता येत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत किमान तीन दिवस बांधून ठेवावं. माणसाच्या अंगाबाहेर किडा सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

आयव्हरमेक्टिनची मात्रा वजनावर ठरते. १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गर्भवतींना ते सहसा देत नाहीत. जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन माणसाने कधीही घेऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जावं?

दोन वेळा नीट उपचार करूनही चार आठवड्यांनंतर खाज असेल, नवे पुरळ उठत असतील, जखमांत पू झाला असेल, ताप असेल किंवा अंगावर जाड खपल्या धरल्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. खाजवून झालेल्या जखमांत जिवाणू शिरले, तर क्वचित मूत्रपिंडांवरही परिणाम होऊ शकतो. आधी कोणतं औषध, किती वेळा आणि कसं लावलं, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. औषध बदलायचं की पद्धत सुधारायची, हे त्यावरूनच ठरतं.

खरजेवर हाताशी असलेली औषधं मोजकीच आहेत. ती नीट, पूर्ण आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून वापरली, तर पुढेही उपयोगी पडतील. खरूज लपवून ठेवण्यात आणि अर्ध्या ट्यूबवर भागवण्यात मात्र फायदा फक्त किड्याचा होतो.