शिवणकाम, घरगुती

घरातल्या माणसांसाठी घरातल्याच कोणी हाताने किंवा मशीनवर केलेले शिवण. शिंपी ताग्यातून फाडलेले नवे कापड बेततो. घरातले शिवण बहुतेक वेळा जुनेरापासून, म्हणजे वापरून विरलेल्या लुगड्या-धोतरापासून सुरू होते. शिंप्याचा धंदा आणि घरचे शिवण यांत खरा फरक कौशल्याचा नसून या कापडाचा आहे. महाराष्ट्रात या कामाचे तीन ठळक भाग पडतात : अंथरूण-पांघरूण, तान्ह्या बाळाचे कपडे आणि सणाकार्याचे कपडे. या नोंदीत पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील महाळुंगे (इंगळे) व चाकण औद्योगिक पट्टा डोळ्यांपुढे ठेवला आहे. बालेवाडीलगतचे मुळशी तालुक्यातील महाळुंगे आणि आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ ही गावे वेगळी.

परिभाषा : कापड मापाप्रमाणे आखून कापण्याला बेतणे म्हणतात. सुई एकदा खाली, एकदा वर अशी सरळ नेत घातलेली शिवण म्हणजे धावदोरा. कडा दुमडून बारीक टाक्यांनी बसवणे म्हणजे तुरपणे. कापडाचे थर हलू नयेत म्हणून आधी घालून मागाहून उसवून टाकायचे ते कच्चे टाके. मशीनवर मारतात ती टीप. फाटक्या जागेवर दुसरा तुकडा लावला तर ठिगळ आणि विणीसारखे धागे भरून भोक बुजवले तर रफू. परकराच्या कमरेला नाडी ओवण्यासाठी असतो तो नेफा. पिको, फॉल, अस्तर, काज, हूक हे शब्द घरात आणि दुकानात सारखेच चालतात.

धंदेवाईक शिंपीकामासाठी पाहा : शिंपी.

यंत्राचा प्रवेश : अमेरिकेत एलियस हाऊ यांनी १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये शिलाई यंत्राचे एकस्व घेतले. सिंगर कंपनीची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत भारतात विकली जाऊ लागली. १९३० च्या दशकात कोलकात्यातील जय इंजिनिअरिंग वर्क्सने उषा हे देशी बनावटीचे मशीन आणले. महात्मा गांधींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या या यंत्राला अपवाद मानले होते. बायकोचे कष्ट पाहून झालेला शोध म्हणून त्यांना त्याचे कौतुक होते.

मराठी स्त्रियांच्या हाती मशीन येण्यात संस्थांचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनात शिवणाचे वर्ग चालत. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्येही शिवण शिकवले जाई. शिकून स्वतःच्या पायावर उभे राहणे हा या वर्गांचा हेतू होता. पुढे वर्गात शिकलेली बाई घरी परतून घरचेच शिवू लागली आणि लग्नात मुलीला मशीन देण्याची पद्धतही मध्यमवर्गात रुजली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवण-कर्तनाचे अभ्यासक्रम चालतात. जिल्हा परिषदांचे महिला व बालकल्याण विभाग ग्रामीण महिलांना अनुदानावर शिलाई मशीन देतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. लोकांच्या तोंडी तिचे नाव ‘मोफत शिलाई मशीन योजना’ असेच आहे. योजना धंदा करणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे फक्त घरचे शिवणारी स्त्री तिच्यात बसत नाही. मात्र शेजारणीचे ब्लाउज, भावजयीच्या साडीचा फॉल, पुतणीचा परकर असे करत करत घरचे शिवण कधी मिळकतीचे होते, याची रेघ ओढणे अवघड आहे.

गोधडी : घरगुती शिवणाचा सर्वांत जुना आणि आजही सर्वाधिक लक्ष देण्याजोगा प्रकार. देशावर गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द चालतात. काही भागांत जाड आणि ठिगळांची ती वाकळ, नेटकी ती गोधडी असा भेद करतात, पण तो सर्वत्र पाळला जात नाही. शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. चिंध्या जोडून पांघरणारे गाडगेबाबा लोकांत ‘गोधडेबुवा’ म्हणूनही ओळखले जात, इतकी ही वस्तू विरक्तीशी आणि गरिबीशी जोडलेली होती. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे आणि आता कलावस्तू म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाते. वापरणाऱ्या घरांत ती अंथरायची-पांघरायची चीज आहे आणि तिची पारखही तशीच होते : मऊ आहे का, धुतल्यावर गोळा होते का, टाका सुटतो का.

गोधडीचे काम चैत्र-वैशाखात निघते. तेव्हा शेतात काम कमी असते आणि ऊन कडक असल्याने धुतलेले जुनेर तासाभरात खडखडीत वाळते. सपाट जागेवर खालचा पदर ताणून अंथरतात, त्यावर लहान-मोठे तुकडे कडेला कड लावून पसरतात. कुठे दुहेरी, कुठे तिहेरी असे झाले तर गोधडी एकसारखी उबदार होत नाही, म्हणून फाटक्या जागी आधी जास्तीचा तुकडा ठेवतात. सगळ्यांवर चांगल्यातला पदर किंवा काठ दिसेल असे वरचे कापड घालतात. मग चारी बाजूंनी आणि मध्ये कच्चे टाके. पुढचा धावदोरा बहुधा कडेने सुरू होऊन आत-आत सरकतो. शिवणारी गोधडीवरच बसते आणि जसजशी ओळ पुढे जाते तसतशी स्वतः सरकते. डावा हात कापडाखाली असतो. सुईचे टोक त्या हाताच्या बोटाला लागले की टाका सगळ्या थरांतून गेला हे कळते, म्हणून गोधडी शिवणाऱ्या बायकांच्या डाव्या तर्जनीला घट्टा पडलेला असतो.

सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि चार पदरी गोधडीला दोन सहावारी साड्या पुरतात. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर धरल्या तर रुंदीत १०८ ओळी बसतात, म्हणजे सुमारे दोनशे मीटर शिवण हाताने घालावी लागते. दोन बायका समोरासमोर बसल्या तर काम लवकर उरकते, पण दोघींचा टाका सारखा पडत नाही आणि ओळखणाऱ्याला तो दिसतो. मशीनवर गोधडी शिवता येते. तिथे खालचा पदर पुढे सरकतो आणि वरचा मागे राहतो, त्यामुळे चुण्या पडतात. उपाय दोन : कच्चे टाके वीतभर अंतरावर दाट घालणे आणि टाका मोठा ठेवणे. सुई १६ नंबरची किंवा त्याहून जाड लागते. मशीनच्या टिपेने गोधडी ताठ होते. हातच्या धावदोऱ्याने ती अंगाबरोबर वळते, आणि तान्ह्या बाळाला गुंडाळायला हातचीच घ्यावी.

बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी या तिच्याच जातीच्या वस्तू, परंतु त्यांत चित्र भरण्याला महत्त्व आहे. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ व यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. या तुकड्यांना ‘फुला’ म्हणतात.

नवरात्रात घट बसण्याआधी घरातील सगळ्या गोधड्या-वाकळा नदीवर नेऊन धुण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. खेड तालुक्यात इंद्रायणी, भामा, भीमा या नद्यांचे घाट त्यासाठी वापरले जात.

बाळाचे कपडे : तान्ह्या बाळाला पहिले काही दिवस नवे कापड घालू नये असा संकेत बहुतेक घरांत आहे. कोठे पाचवीपर्यंत, कोठे बाराव्या दिवशीच्या बारशापर्यंत तो पाळतात. कारणे निरनिराळी सांगतात. नव्या कापडातली खळ धुऊन गेल्याखेरीज ते मऊ होत नाही, हे त्यातले उघड दिसणारे कारण. म्हणून आजीच्या सुती साडीची दुपटी, आजोबांच्या धोतराचे लंगोट. दुपटे म्हणजे सुमारे गजभर चौरस, दोन पदर जोडून कडेने धावदोरा घातलेले कापड. लंगोटाला चौरस तुकडा त्रिकोणात दुमडतात. काही घरांत मूल जन्मण्याआधी काहीच शिवत नाहीत, काही घरांत सातव्या महिन्यापासून सगळी तयारी होते.

झबले हा शिकणाऱ्याने सुरुवातीला घ्यावा असा कपडा. कापड चौपदरी घडी करून गळा आणि बाही एकाच वेळी कापतात. नवजात बाळासाठी उंची १० ते ११ इंच आणि घेर १८ ते २० इंच ठेवला की तीन महिने निभावते. बटणे लावत नाहीत, बाळ तोंडात घालते आणि पाठीला रुततातही. त्याऐवजी कापडाचेच बंद मागे किंवा बाजूला बांधतात. शिवणीची दुमड अंगाला लागू नये म्हणून पहिल्या महिन्याचे झबले शिवण बाहेर ठेवून करतात. दिसायला ते उलटे वाटते, पण योग्य तेच आहे. टोपडे हनुवटीखाली बांधायचे. कुंची डोक्यावरून पाठीवर उतरते आणि बारशाला खणाची किंवा जुन्या पैठणीच्या काठाची करतात. झबले, टोपडे, कुंची, दुपटी, लहान गादी हे सारे मिळून माहेरहून बाळंतविडा येतो.

बाळाच्या उशीत मोहरी किंवा राळे भरण्याची रीत आहे. डोके गोल बसावे हा हेतू. आजचे बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतील बाळाजवळ उशी व सैल पांघरूण ठेवू नये असे सांगतात. गुदमरण्याचा धोका खरा असल्याने ही उशी शिवू नये.

सणाकार्याचे कपडे : संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांचे बोरन्हाण होते. त्यासाठी काळे झबले किंवा काळा परकर-पोलका घरी शिवतात आणि त्यावर हलव्याचे मुकुट, हार, बाजूबंद घालतात. काळ्या कपड्याची एरवीची मनाई संक्रांतीला उठते. डोहाळजेवणाला हिरवी साडी. मुंजीत बटूची लंगोटी, उपरणे व भिक्षावळीची झोळी. लग्नात अंतरपाट.

रुखवत हे एके काळी वधूच्या सुईचे प्रदर्शन होते : भरतकामाचे अभ्रे, मण्यांचे तोरण, क्रोशाचे रुमाल, तुकडे जोडून केलेली चादर. आता ते बहुधा तयार आणतात.

खणाचा परकर-पोलका हा मुलीचा सणाचा पहिला कपडा. खण कमी पन्ह्याचा असल्याने परकराला पट्ट्या जोडाव्या लागतात आणि काठ सलग फिरेल असा बेत आधी कागदावर काढावा. खालच्या दुमडीत तीन-चार इंच कापड राखून ठेवले तर तोच परकर दोन-तीन वर्षे खाली सोडत वापरता येतो. ही राखून ठेवायची सवय सगळ्या घरगुती शिवणात दिसते आणि तयार कपड्यात ती सापडत नाही.

शिवलेली नऊवारी अलीकडे फार रूढ झाली आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते दोन पायांत विभागून, काष्टा व निऱ्या पक्क्या करून, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक लावतात. नेसता न येणाऱ्या मुलींची तिने मोठी सोय झाली. काठापदराच्या साडीला कात्री लावावी की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलले जाते. साडी न कापता टाक्यांवर बसवण्याची पद्धतही आहे आणि जुन्या, घरात चालत आलेल्या साडीसाठी तीच वापरावी.

गौरींना साडी नेसवणे, शिवजयंतीला मुलांचा मावळ्याचा वेश, शाळेचे स्नेहसंमेलन यांसाठीही घरी शिवतात.

चाकण पट्टा : चाकण-तळेगाव रस्त्यालगतचे महाळुंगे हे मुळात शेतीचे गाव. औद्योगिक वसाहतीने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागाचा चेहरा बदलला. फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. कामगार मराठवाडा, विदर्भ आणि परराज्यांतून आले. एका खोलीच्या बिऱ्हाडात गोधडी अंथरून शिवण्याइतकी जमीन मोकळी नसते, तीन पाळ्यांच्या नोकरीत सलग दुपार मिळत नाही. घरगुती शिवण म्हणून जे उरते ते कंपनीच्या युनिफॉर्मची पँट आखूड करणे, साडीला फॉल-पिको, बाळासाठी झबले. गावाकडून येताना मात्र बिऱ्हाडाबरोबर आईने शिवलेली गोधडी हमखास असते.

गोधडी मागे पडण्याचे कारण म्हणून जागेकडे, वेळेकडे आणि मशीनकडे बोट दाखवले जाते. मूळ कारण कापडात आहे. रोज नेसायच्या साड्या पॉलिएस्टरच्या झाल्या. त्या विरत नाहीत, मऊ होत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात. सुती जुनेर घरात साठेनासे झाले, आणि जे साठते ते बोहारीण भांड्याच्या बदल्यात नेते. सुती चिंध्यांना कारखान्यांतही मागणी आहे : यंत्राचे तेल पुसायला त्या किलोच्या भावाने घेतल्या जातात.