लोह असूनही रक्तक्षय

‘रक्त कमी आहे’ असे कळले, की आपण लगेच पालक, बीट आणि लोहाच्या गोळ्या सुचवतो. पण सगळे रक्तक्षय एकाच कारणाने होतात का? या प्रश्नाच्या इतिहासाचे एक पान मुंबईतच लिहिले गेले आहे.

मालाडहून धिमी लोकल धरून प्रभादेवीला उतरले, की पूर्वेला परळ. तेथील हाफकिन संस्थेत १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर संशोधनासाठी आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना जीवघेणा रक्तक्षय होत असे. लोह कमी पडले, तर तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या पेशी मात्र मोठ्या होत्या. म्हणजे उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती! विल्स यांनी त्यांचा आहार तपासला, उंदरांवर व माकडांवर प्रयोग केले. यीस्टच्या स्वस्त अर्काने, मार्माइटने, हा आजार बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून मिळवून त्याला हे नाव दिले गेले.

दुसरे कोडे अधिक अवघड होते. दीर्घकाळ जंतुसंसर्ग असलेल्या रोग्यांच्या शरीरात लोहाचा साठा असतो, तरी रक्त कमीच! १९४०च्या दशकात अमेरिकेत विन्ट्रोब आणि कार्टराइट यांनी याचा कसून अभ्यास केला. उलगडा मात्र २००० नंतर झाला. शरीरात दाह असला, की यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक जास्त बनवते. त्यामुळे आतड्यातून लोह रक्तात येण्याची वाट बंद होते आणि साठ्यातले लोहही कुलपात अडकते. जंतूंना लोह मिळू नये, यासाठीची ही शरीराची युक्ती असावी.

मग हा धोका कोणाला? क्षयरोग, एच.आय.व्ही., संधिवाताभ संधिशोथ, कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांना. मूत्रपिंडाच्या विकारात तर पेशी बनवण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिनही कमी पडते. आजार जितका तीव्र, तितका रक्तक्षय अधिक. वय, निकृष्ट आहार व रक्तस्राव यांची त्यात भर पडते.

अशा रोग्याला ‘तू नीट खात नाहीस’ म्हणून दोष देणे अन्यायाचे ठरते. त्याच्या मूळ आजारावर उपचार हवेत. लोह द्यावे की नाही, हे रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. वर्गात हिमोग्लोबिन शिकवताना एक प्रश्न जरूर विचारा : रक्त कमी आहे हे कळले, पण का कमी आहे?