थ्री-बेट
टेक्सास होल्डेम पोकरमध्ये सामाईक पाने उघडण्यापूर्वी एकाने रक्कम वाढवल्यावर दुसऱ्याने ती पुन्हा वाढवणे. सुरुवातीच्या दोन पानांत एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. समोर एकच खेळाडू कोणतीही पाने घेऊन असेल तर ती सुमारे 85 टक्के वेळा जिंकते, असे चौघे असतील तर सुमारे 56 टक्केच. म्हणून दबा धरून नुसता कॉल करण्यापेक्षा (समोरच्याइतकीच रक्कम लावण्यापेक्षा) रक्कम वाढवून गर्दी कमी करणे बहुधा श्रेयस्कर. राण्यांच्या जोडीबाबत मात्र पहिली वाढ कोणत्या जागेवरून आली ते पाहावे: सुरुवातीच्या जागेवरची वाढ सहसा भक्कम पानांची, बटनावरची (पाने वाटणाऱ्याच्या जागेवरची) कमकुवत पानांचीही असते. एक्का-राजा हाती असल्यास थ्री-बेटचा धोका कमी होतो, कारण प्रतिस्पर्ध्याकडे एक्क्यांची जोडी असण्याच्या जुळण्या 6 वरून 3 वर येतात. नवखे खेळाडू हा महत्त्वाचा हिशेब विसरतात.