घरचा माणूस आणि त्याची मजुरी

आपल्या सुतार समाजाचा इतिहास लिहिताना विश्वकर्म्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. या वेळी तो बाजूस ठेवून आम्ही एका साध्या प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत : सुताराच्या हाताखाली राबणाऱ्या माणसास मोबदला कसा मिळत आला? आज आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत दोन-चार माणसे कामास असतात, आणि माणसे टिकत नाहीत ही तक्रार जेथे चार ज्ञातिबांधव जमतील तेथे ऐकू येते. तिचे मूळ या इतिहासात सापडेल असे आम्हांस वाटते.

वलगाव हे पेढी नदीकाठचे, अमरावतीहून परतवाड्यास जाणाऱ्या मार्गावरील गाव. बलुतेदारीच्या काळी अशा गावांत सुताराचे घर हाच त्याचा कारखाना होता. वखर, तिफण, डवरा, बंडीची चाके यांची वर्षभर दुरुस्ती करावी आणि खळ्यावर ज्वारी निघाली की आपला वाटा आणावा, अशी रीत. बलुते घराला मिळे, माणसाला नव्हे. बापाशेजारी बसून मुलगा वाकस चालवू लागे, पुतण्या करवतीचे दुसरे टोक धरी. त्यांची मजुरी निराळी मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण सर्वांची भाकर एकाच चुलीवरची. शेतकऱ्याकडील सालदाराची गोष्ट किंचित वेगळी. त्याचे साल गुढीपाडव्यास, कोठे अक्षय्य तृतीयेस, ठरे. धान्य किती, रोकड किती, हे तोंडाने का होईना बोलले जाई. त्यातही उचलीच्या ओझ्याखाली सालामागून साले जात, हे खरे. पण सालदाराचा बोल तरी होता. घरच्या पुतण्याचा बोल कधी झालाच नाही. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला व वऱ्हाडी कापसास सोन्याचा भाव आला. पाठोपाठ बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी झाली, आणि पुढे ठिकठिकाणी जिने व प्रेस उभे राहिले. तेथे हंगामापुरते का होईना, रोख दाम मिळे. ज्या तरुणाने आयुष्यात स्वतःचा पैसा पाहिला नव्हता, त्याच्या हाती तो पडू लागला. बलुतेदारीचा पाया हलला तो कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, या रोकडीने, असे आमचे मत आहे.

कापसाच्या बाजारातील व्यवहार सरळ व्हावा म्हणून वऱ्हाडात १८९७ साली कायदा झाला. मजुराच्या हिशेबाकडे मात्र सरकारची दृष्टी फार सावकाश वळली. १८८१ चा कारखान्यांचा कायदा शंभर माणसांच्या कारखान्यापुरता. १८९१ मध्ये ती संख्या पन्नासवर आली. १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला, तोही ठराविक धंद्यांपुरता. चार माणसांचे सुतारदुकान या सर्वांच्या पलीकडेच राहिले.

पुढे लोखंडी अवजारे, रबरी टायरच्या गाड्या व ट्रॅक्टर आले आणि वखर-तिफणीचे काम आटले. मेळघाटचे सागवान परतवाड्याहून येई. त्याच्या चौकटी, दारे, पलंग, कपाटे हा नवा धंदा झाला. धंदा रोखीचा झाला, परंतु घरच्या माणसाचा हिशेब बलुत्याच्या काळचाच राहिला. आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. वडील वारल्यावर एक मुलगा बाराव्या वर्षी काकांच्या दुकानात आला. रंधा, पटाशी, गिरमिट सर्व शिकला. अठरा वर्षे त्याने ते दुकान चालविले म्हटले तरी चालेल. काका मायाळू होते. जेवण, कपडा, लग्न, सारे त्यांनीच केले. काका गेले, चुलतभावांच्या वाटण्या झाल्या. याचे नाव ना जागेवर, ना हजेरीच्या वहीत, ना बँकेत. कर्ज मागावयास गेला तेव्हा ‘इतकी वर्षे काय करीत होता?’ या प्रश्नास दाखविण्याजोगा कागदाचा कपटाही त्याच्यापाशी नव्हता. घरातील ज्या स्त्रिया लाकूड घासून पॉलिश करतात, त्यांची तर गणतीच नाही. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आता नव्या पिढीचे पाहा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून सुतारकाम शिकलेला मुलगा पहिल्याच दिवशी पगार विचारतो, आणि वडीलधाऱ्यांस ते उद्धटपणाचे वाटते. उत्तर प्रदेश-राजस्थानातील कारागीर चौरस फुटाचा दर आधी ठरवितात, मग पेटी उघडतात. आमच्या मते यात उद्धट काहीच नाही. सालदाराचा बोल होता, तोच हा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या असून वेतनसंहितेने किमान वेतनाचा हक्क ठराविक धंद्यांपुरता न ठेवता सर्वच नोकरांस दिला आहे. सुतारकाम हे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांपैकी एक आहे. तीत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजाने अशी तरतूद केलेली आहे. लाभ एका कुटुंबात एकालाच. म्हणून ‘आमच्या घरातून थोरल्याने नाव दिले, आता पुतण्याचे काय’ असे पुष्कळांनी आम्हांस विचारले. त्या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित अपत्ये इतकेच धरलेले आहे. पुतण्या त्यात येत नाही. तो अठरा वर्षांचा झाला असल्यास त्याचे नाव निराळे नोंदविता येते, आणि ही नोंदणी सामायिक सेवा केंद्रावर होते.