तान्ह्या बाळाचे कापडचोपड

बाळाच्या जन्माआधी त्याच्यासाठी नवे कापड घरात आणू नये, हा संकेत महाराष्ट्रातील कुटुंबांनी अनेक पिढ्या इतक्या निष्ठेने पाळला की, डोहाळजेवणाचा थाट मांडणारे, गर्भवतीला हिरवे लुगडे नेसवून फुलांची वाडी भरणारे सधन घरही येणाऱ्या जिवासाठी वीतभर मलमल घेण्यास कापडपेठेची पायरी चढत नसे. यात कृपणता मुळीच नव्हती. पोटातले मूल हाती लागेल की नाही, आणि लागले तरी पाचवी-सहावीची रात्र ओलांडील की नाही, याची शाश्वती नसलेल्या काळात आईबापांनी दैवाला डिवचू नये म्हणून बाळगलेली ती सावधगिरी होती. आणि तान्ह्याच्या वस्त्रांचा इतिहास या एका भीतीच्या अनुरोधाने वाचला, तरच त्यातील चालीरीतींची संगती लागते, असे मला निश्चितपणे वाटते.

पहिल्या दिवसांत बाळाच्या अंगाला लागे ते जुने वस्त्र. आजोबांचे विरलेले धोतर, आजीचे सुती नऊवारी लुगडे यांच्या घड्या माहेरच्या माणसांनी लेकीच्या बाळंतपणासाठी फडताळात राखून ठेवलेल्या असत. ज्याने दीर्घ आयुष्य भोगले त्याचे वस्त्र पांघरले म्हणजे त्या आयुष्याचा अंश बाळाला लाभतो, ही श्रद्धा त्यामागे होती. पण तिच्या जोडीला व्यवहारज्ञानही होते, कारण नव्या मांजरपाटाची खळ कोवळ्या कातडीला बोचते आणि वर्षानुवर्षे धुतलेले सूत सायीसारखे मऊ होते. त्याच लुगड्याचे दोन पदर एकावर एक ठेवून, बारीक धावदोरा घालून, काठ कडेला येईल अशा बेताने दुपटे शिवले जाई, आणि उरलेल्या तुकड्यांची बाळोती होत. कोकणात श्रावण-भाद्रपदात बाळंतपण आले म्हणजे ही बाळोती वाळवणे हेच घरातील बायकांचे मुख्य काम होऊन बसे. पडवीतल्या दोरीवरची ओल दिवसेंदिवस हटत नसे. मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर बांबूचे डालगे पालथे घालून त्यावर कापड पसरायचे, आणि निखाऱ्यांत ओवा, वावडिंग, बाळंतशोपा यांची चिमूट टाकायची, की कापड वाळता वाळता त्यात धुरीचा वासही मुरे.

नवे वस्त्र येई ते बाराव्या दिवशी, बारशाला. तोवर बाळाने पहिली परीक्षा उत्तीर्ण केलेली असे. आता त्याला नाव द्यायला हरकत नव्हती, आणि म्हणूनच त्याला नवे कापड घालायलाही हरकत नव्हती. आत्या, मावश्या आणि आजोळची मंडळी बाळंतविडा घेऊन येत: बाळंतिणीला लुगडे आणि खण, खारीक-खोबरे, डिंक, आणि बाळाला अंगडे-टोपरे, झबली, दुपटे. झबले पाठीवर उघडे असे, त्याला गुंडी नसे, कापडाचेच बंद असत आणि गाठ पाठीखाली येऊ नये म्हणून ती कडेला मारीत. टोपऱ्याने टाळू झाकली जाई. परंतु या सगळ्यांत मानाचे वस्त्र म्हणजे कुंची. गुळेदगुड्डचा, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्याचा, खण घ्यावा, तो मधोमध दुमडून एक बाजू शिवावी, म्हणजे डोक्यावर टोक उभे राहते आणि मागचा भाग बाळाच्या कमरेखाली उतरतो. टोकाला गोंडा, कपाळाच्या कडेला जरीची किनार अथवा मोत्यांची ओळ, आणि हनुवटीखाली बंद. वस्तुतः हा एका चोळीचा खण, आईच्या अंगावर जायचा तो बाळाच्या मस्तकावर गेला. आणि वारा, ऊन आणि नजर या तिन्हींपासून त्याने रक्षण करावे, अशी अपेक्षा होती. इतक्या थोड्या कापडात इतकी युक्ती आणि इतके सौंदर्य साधणारे दुसरे वस्त्र आपल्याकडे क्वचितच असेल.

मूल दगावण्याची ही भीती बाजूला सारून एका तान्ह्या मुलाला सर्वांत जड वस्त्रे द्यावी लागली, असाही एक प्रसंग मराठ्यांच्या इतिहासात आहे. नारायणराव पेशव्यांचा 30 ऑगस्ट 1773 रोजी वध झाला तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गर्भवती होत्या. कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवले, आणि तेथे 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवराव जन्मले. नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांचा पेशवेपदावरील दावा हाणून पाडायचा तर दौलतीला धनी हवा होता. म्हणून साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे आणवून ती अवघ्या चाळीस दिवसांच्या बालकाला देण्यात आली. ती अंगावर चढविण्याचा प्रश्नच नव्हता. पाळण्यातल्या त्या जिवाच्या नावावर सारी दौलत उभी करायची होती, आणि इतर घरे ज्या वयात मूल जगेल की नाही या धास्तीने नवे झबलेही बेताने शिवीत, त्या वयात त्याच्या जगण्यावर नाना फडणीस, सखारामबापू आणि बारभाई म्हणून ओळखले जाणारे ते सारे कारभारी विसंबले होते.

सामान्य रयतेच्या घरी शिवण बहुधा बायकांच्याच हातची असे. गावगाड्यात शिंपी अलुतेदारांत मोडे; चोळ्या, बंड्या, कोपऱ्या तो शिवी, परंतु बाळाच्या टीचभर कपड्यासाठी त्याच्याकडे जाण्याचे प्रयोजन फारसे नव्हते. ही स्थिती कापडाच्या गिरण्यांनी आणि शिवणयंत्राने पालटली. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापिली, तिचे काम 1856 मध्ये सुरू झाले, आणि पुढील अर्धशतकात गिरणगाव उभे राहून सुती कापड पूर्वीहून स्वस्त झाले. त्याच सुमारास विलायती शिवणयंत्रेही येऊ लागली.  1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन काढले, तेथे बायकांना शिवणकाम शिकविले जाऊ लागले, आणि झबले-टोपऱ्यांवर अनेक विधवांची व परित्यक्तांची उपजीविका होण्याची सोय झाली. या एका गोष्टीसाठी तरी या चिमुकल्या कपड्यांकडे इतिहासाने आदराने पाहावे.

कापड स्वस्त झाले तरी भीती मात्र हटली नाही, आणि हटावी असे काही घडतही नव्हते. 1921 साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. बाळंतपणासाठी गावी गेलेल्या बायकांमुळे जन्मांची नोंद अपुरी राहून हा आकडा फुगला असेल हे मान्य केले, तरी एका खोलीच्या चाळींत कोंडलेल्या संसारांचे दुःख त्यातून लपत नाही. मुले जगत नसलेल्या घरी पुढच्या अपत्याला धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवीत, आणि त्याच्या अंगावर दुसऱ्याच्या मुलाचे मागून आणलेले अंगडे घालीत, म्हणजे मृत्यूला ते आपले न वाटता परक्याचे वाटावे.

महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, सरकारने कापडावर आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला आणि सधनांच्या घरीही जुन्या धोतरांची किंमत वाढली. पुढे बालमृत्यू घटत गेले, प्रसूती घरातून दवाखान्यात आली, आणि तुळशीबागेत झबली, टोपरी, लंगोट, दुपटे असा सगळा संच शिवून तयार मिळू लागला. दवाखान्यात मात्र बाळाचे कपडे आधीच पिशवीत भरून न्यावे लागतात; तेव्हा कित्येक घरे चुलत-मावस भावंडांची वापरलेली झबली धुऊन त्या पिशवीत ठेवतात आणि नवे कापड बारशापर्यंत लांबवितात. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणासाठी लागणारे काळे झबले तेवढे सगळेच नवे घेतात. म्हणून पौष लागला की हलव्याच्या दागिन्यांशेजारी, एरवी तान्ह्याच्या अंगाला न शिवणाऱ्या त्या रंगाची, चांदण्यांच्या नक्षीची झबली दुकानांच्या दर्शनी भागात टांगलेली असतात.