विजेच्या गिटारचा कान

वैशाख लागला की अमळनेरात दोन नाद घुमू लागतात. एक, संत सखाराम महाराजांच्या यात्रेनिमित्त बोरीकाठी चालणाऱ्या टाळ-मृदंगाचा. दुसरा, लग्नाच्या वरातीपुढे वाजणाऱ्या बँडचा आणि बेंजोचा. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते वाद्य अमेरिकेतील बँजो नव्हे. १९१२ साली जपानमधील नागोया शहरी गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा लावून 'ताइशोगोतो' नावाचे तंतुवाद्य घडवले. तेच पुढे भारतात बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्राच्या रस्त्यावर बेंजो. त्याच्या तारांचा मूळचा आवाज एका खोलीपुरता. ढोल-ताशांच्या गजरात तो चौकभर पोहोचतो, तो तारांखाली बसवलेल्या एका लहानशा विद्युत साधनामुळे. वादक मंडळी त्याला 'पिकअप' म्हणतात. विजेच्या गिटारचा प्राणही तोच.

आज आपल्या घरांतील मुलामुलींच्या हाती विजेची गिटार आली आहे. ती येऊन चार महिने होत नाहीत तोच, 'हिचे पिकअप बदलायचे आहेत' अशी मागणी येते आणि आईवडील बुचकळ्यात पडतात. नवी कोरी वस्तू. तिच्या पोटातील भाग कशासाठी बदलायचे? अमळनेरकरांना खरे तर या गोष्टीचे नवल वाटू नये. १९४५ साली मोहम्मद प्रेमजी यांनी याच गावी वनस्पती तुपासाठी उभारलेली कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने संगणकाच्या व्यवसायात गेली. बाहेरची ओळख राखून आतले काम बदलता येते. प्रश्न एवढाच, की बदल कोणत्या गरजेपोटी करायचा. त्याचे उत्तर पिकअपच्या इतिहासात सापडते, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्याचे कार्य समजून घेऊ. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की त्या तारेत वीज निर्माण होते. पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे असतात. वर ताणलेली पोलादी तार छेडली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात अत्यंत क्षीण वीज उमटते आणि ध्वनिवर्धक तिला मोठे करतो. म्हणजे पिकअप हा गिटारचा गळा नसून कान आहे. तो गात नाही, ऐकतो. म्हणूनच नायलॉनच्या तारांच्या गिटारला असे चुंबकीय पिकअप लावणे व्यर्थ. नायलॉनची हालचाल चुंबकाला कळत नाही.

हा कान जन्माला आला तो आवाज पुरत नव्हता म्हणून. १९१५ च्या सान फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाई बेटांच्या संगीताचे वेड पसरले. मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची ती गिटार वाद्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे ऐकूच येईना. लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बोशां यांनी १९३१ साली नालाच्या आकाराचे चुंबक वापरून पिकअप तयार केले आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने पुढल्याच वर्षी अॅल्युमिनियमची ओतीव गिटार बाजारात आणली. तिचा आकार पाहून लोकांनी तिला 'तळण्याचा तवा' असे नाव दिले! या पिकअपचे पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

आवाज मोठा झाला, पण त्यासोबत नवी पीडा आली. एका वेटोळ्याचे पिकअप तारेप्रमाणेच घरातील विजेच्या तारा, नळीच्या दिव्यांचे चोक यांचेही ऐकते. परिणामी ध्वनिवर्धकातून सतत 'घूं' असा आवाज येत राहतो. लिओ फेंडर यांच्या १९५४ च्या 'स्ट्रॅटोकास्टर'मध्ये अशी तीन पिकअप होती. त्यांचा स्वर काचेसारखा स्वच्छ, पण ही घूंघूं त्यांना चिकटलेलीच. यावरचा तोडगा १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी काढला. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली, एकातील फेरे दुसऱ्याच्या उलट घेतले आणि चुंबकाची ध्रुवेही उलटी लावली. त्यामुळे तारेचा नाद दोन्हीकडून मिळून वाढतो, तर बाहेरची घूंघूं परस्परांना छेदून नाहीशी होते. 'हंबकर' म्हणतात ते हेच. त्याचा स्वर भरदार आणि गोलसर. मात्र पहिल्या प्रकारातील लखलखीत धार त्यात थोडी बोथट होते.

तिसरा टप्पा १९७२ चा. रॉक संगीतातील वादकांना आता स्वर मुद्दाम फाटलेला, खरखरीत हवा होता. न्यूयॉर्कच्या लॅरी दिमार्झिओ यांनी त्यासाठी जोरकस चुंबकाचे 'सुपर डिस्टॉर्शन' पिकअप काढले. मूळचे काढून त्या जागी बसवण्यासाठी विकले गेलेले ते पहिले पिकअप मानले जाते. १९७६ पासून कॅलिफोर्नियात सेमूर डंकन यांनीही हाच व्यवसाय सुरू केला आणि पिकअप बदलणे ही रूढीच झाली.

आपल्या देशात विजेची गिटार आली तीही प्रथम हवाई रूपातच. लखनौचे ख्रिस्ती वादक व्हॅन शिप्ले (१९२७–२००८) यांनी तिच्यावर चित्रपटगीते वाजवून ती घरोघरी पोहोचवली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत गोव्याच्या कॅथलिक वादकांचा मोठा भरणा होता. त्यांपैकी अनेकांनी सुरांची बाराखडी गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत गिरवली होती. १९७१ च्या 'दम मारो दम' या गाण्यातील भूपिंदर सिंग यांच्या गिटारने तर लहान गावांतील तरुणांच्याही मनात या वाद्याची ओढ निर्माण केली.

चर्चचे दार या वाद्याला सहजी उघडले नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी उपासनेत पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटाची वाद्ये वर्ज्य ठरवली होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांनाही, अधिकाऱ्यांच्या संमतीने, वाट मोकळी करून दिली. अट ही, की ते वाद्य पवित्र कार्याला योग्य असावे आणि त्याने भाविकांची खरोखर उन्नती व्हावी. पिकअप निवडताना ही अटही उपयोगी पडते. कारण मिस्सामध्ये गिटारला गायनाच्या आड यायचे नसते, त्याला आधार द्यायचा असतो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. वरील इतिहासात प्रत्येक पिकअप एकेका अडचणीचे उत्तर म्हणून जन्मले. तेव्हा आपली अडचण कोणती, हे आधी ठरवावे. उंच छताच्या, पंख्यांच्या आणि नळीच्या दिव्यांच्या इमारतीत, भाविक शांत बसलेले असताना वाजवायचे असेल, तर घूंघूं हीच मुख्य अडचण. तिथे मध्यम जोराचे हंबकर बरे. जुन्या चित्रपटगीतांतील स्वच्छ, टिपरीसारखा स्वर हवा असेल, तर एका वेटोळ्याचे पिकअप घ्यावे. जोरकस पिकअप रॉकसाठी उत्तम. पण स्वच्छ वाजवायला गेले तरी ते ध्वनिवर्धकाला लवकर फाटायला लावते. 'जास्त जोर म्हणजे जास्त दर्जा' हा समज खरा नव्हे.

खर्च करण्यापूर्वी तीन साध्या गोष्टी कराव्यात. तारा नव्या घालाव्यात. पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवून त्याची तारांपासूनची उंची कमी-जास्त करून पाहावी. फार जवळ आणले तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर बिघडतो. आणि आर्थिंग तपासून घ्यावे, ते जिवाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. पुष्कळदा तक्रार इथेच मिटते. तरीही बदलायचे ठरले, तर गिटारमधील खाचेचे माप घ्यावे, कारण हंबकर रुंद असते आणि दुसऱ्या प्रकारच्या खाचेत मावत नाही. आवाजाची बटणेही पाहावीत. एका वेटोळ्यासाठी बहुधा २५० किलोओहमची आणि हंबकरसाठी ५०० ची वापरतात. ती जुळली नाहीत तर स्वर अकारण कर्कश किंवा मंद वाटतो. दोन्ही पिकअप एकदम बदलण्याची गरज नसते. खुंटीपट्टीपासून दूरचे, ब्रिजजवळचे पिकअप तीक्ष्ण ऐकते. बहुतेक नाराजी त्याच्याविषयी असते. तेवढे एकच बदलून सहा महिने वाजवून पाहावे.

काढलेले जुने पिकअप टाकून देऊ नये. कोणत्या गिटारचे ते चिठ्ठीवर लिहून जपून ठेवावे. गिटार विकताना ते लागते, किंवा धाकट्या भावंडाच्या वाद्याला उपयोगी पडते. आणि आईवडिलांनी मुलाला किंमत विचारण्याआधी एवढेच विचारावे: 'आत्ता तुला काय ऐकू येत नाही?' याचे उत्तर त्याला नीट देता आले, तर ते पैसे सत्कारणी लागतील. देता आले नाही, तर त्याने आहे त्याच गिटारवर आणखी काही महिने रियाज करावा. तोवर त्याचा स्वतःचा कानही तयार होईल.