निवड कोणाची? : माध्यमांतर, मालकी आणि प्रेक्षक

कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा दोन टोकांपाशी अडकते. एक टोक मूळ संहितेशी राखलेल्या इमानाचे. दुसरे 'प्रेक्षकांना हेच हवे होते' या समर्थनाचे. पहिल्या भूमिकेत लेखक सार्वभौम ठरतो, दुसरीत ग्राहक. दोहोंमध्येही एक तिसरा घटक अनुल्लेखित राहतो : संहितेपासून प्रेक्षकापर्यंतच्या वाटा ज्याच्या ताब्यात असतात तो मालक.

१९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या बाजूने पाहिले, तर हा घटक नजरेआड करणे अवघड जाते. २०११च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली, पावरी, मावची, अहिराणी या तेथील नित्य व्यवहाराच्या भाषा. मराठी वा हिंदी चित्रपटांतून एखादा निवडणारा तेथील प्रेक्षक ग्राहक म्हणून स्वतंत्र असेलही. परंतु ज्या यादीतून तो निवड करतो ती यादी त्याने केलेली नसते. ती कशी घडते, हा अभिरुचीच्या आधी इतिहासाचा प्रश्न आहे.

या इतिहासातील एक बोलका टप्पा म्हणजे १९३७चा 'कुंकू'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'प्रभात'ने तो काढला; दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते आणि पटकथा खुद्द आपट्यांची. म्हणजे इमानाचा प्रश्न येथे लेखकाच्या सहभागाने जवळजवळ निकालात निघाला होता. तरीही शीर्षकांचा प्रवास पाहण्याजोगा आहे. कादंबरीच्या शीर्षकात 'न पटणे' आहे, पण ते कोणाला, हे मोकळे ठेवलेले आहे. वाचक त्या रिकाम्या जागी स्वतःला ठेवू शकतो. मराठी चित्रपट हा निवाडा गाळून त्याऐवजी सौभाग्याचे चिन्ह पुढे करतो. त्याच वेळी निघालेली हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने' या नावाने नकार परत आणते, मात्र त्याचा कर्ता आता 'दुनिया' असतो. एकाच कथेची ही तीन नावे एकाच मालाची तीन वेष्टने नव्हेत. प्रत्येक नाव वेगळ्या वाचक-प्रेक्षकाची कल्पना करते आणि त्याला वेगळ्या जागी उभे करते.

जरठ-कुमारी विवाह नाकारणारी नीरा आणि पार्श्वसंगीताऐवजी परिसरातील ध्वनींवर विसंबलेली मांडणी हे धाडस होते. परंतु हे धाडस करण्याइतकी सत्ता 'प्रभात'कडे होती, हे विसरता येत नाही. १९२९ साली कोल्हापुरात भागीदारीत स्थापन झालेल्या आणि १९३३ साली पुण्यात आलेल्या या कंपनीकडे स्वतःचा स्टुडिओ होता, पगारी कलावंत होते आणि वितरणव्यवस्थेशी घट्ट संबंध होते. प्रेक्षकाने 'कुंकू' मागितला नव्हता. तो त्याच्यासमोर ठेवला गेला आणि मग त्याने तो पसंत केला. मागणी पुरवठ्याच्या आधी असते, हे ग्राहकवादी गृहीतक येथे उलटे पडते. अर्थात मालकी उदार होती म्हणून ती मालकी नव्हती, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही.

पुढे मालकी बदलली. १९४२ साली शांताराम बाहेर पडले. १९५०च्या दशकात कंपनी मिटली. १९६० साली स्टुडिओच्या जागेवर सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. २००३च्या जानेवारीत तेथील साठ्याला लागलेल्या आगीत अनेक जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट प्रती जळाल्या. निवडीची यादी भूतकाळाच्या बाजूनेही आखूडते, याचे हे जळजळीत उदाहरण होय.

'नटरंग'च्या (२०१०) काळात ही सत्ता स्टुडिओकडे उरली नव्हती. ती वाहिन्यांकडे आली होती. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट 'झी टॉकीज'चा. अवहेलनेच्या तळाशी पोचलेल्या गुणाला तो अखेर सन्मानाच्या व्यासपीठावर आणतो. असा शेवट 'लोकांना हवा होता' हे तिकीटविक्रीवरून सिद्ध होत नाही. कारण दुसरा शेवट असलेला 'नटरंग' पडद्यावर आलाच नव्हता. विक्रीचा आकडा स्वीकार सांगतो, पर्यायांमधील पसंती सांगत नाही. त्यानंतरच्या दशकात मालकी अधिकच एकवटली. पीव्हीआर आणि आयनॉक्स या चित्रपटगृहांच्या साखळ्या २०२३ साली एक झाल्या. झी आणि सोनी यांचे जाहीर झालेले विलीनीकरण २०२४च्या आरंभी मोडले, तर त्याच वर्षाच्या अखेरीस स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र आले. या सौद्यांत भागधारकांची संमती लागते, नियामकांची लागते. प्रेक्षकाची संमती कोणत्याच टप्प्यावर विचारली जात नाही. सौदा पुरा झाल्यावर मात्र त्याचे समर्थन त्याच्याच नावाने होते.

येथे नंदुरबारचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. शहादा परिसरातील चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेचा विषयच हा आहे : ज्यांचे दुःख, ते समोर बसलेले, आणि ते दुःख सांगणारे मंचावर. कवितेतील हा आक्षेप राजकीय प्रतिनिधित्वाविषयी आहे, पण तो माध्यमांतरालाही तंतोतंत लागू पडतो. श्रोत्याला मंच निवडू देणे आणि त्याला मंचावर येऊ देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून माध्यमांतराच्या समीक्षेने मूळ कृतीत काय गाळले, काय घातले, एवढे मोजून थांबू नये. कोणत्या भाषांतील कोणत्या संहिता पडद्याच्या दारापर्यंत पोचूच शकल्या नाहीत आणि त्या दाराची किल्ली तेव्हा कोणाकडे होती, हेही तिने नोंदवले पाहिजे. न झालेल्या चित्रपटांची ही नोंद ठेवल्यावाचून झालेल्या चित्रपटांच्या लोकप्रियतेला 'लोकांची निवड' म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.